चालीविना ढावलो

वणी, २ मे

प्रिय केतकी,

बरी असशील. वर वणी पाहून दचकू नको, सांगतेच. तुझा फोन मी मुद्दाम उचलला नाही. आवाज ऐकला की मले बोलता येणार नाही, अन् इथं माणसं लय आहेत.

पहिले कामाचं. तुझ्या गाणाऱ्या मंडळीले देवनागरी वाचता येत नाही म्हणून आपण ढावलोचे बोल इंग्रजी अक्षरांत घातले, डोक्यावर रेघा अन् पायाशी टिंबं देऊन. ती अक्षरं स्वरलिपीचं सॉफ्टवेअर गिळून टाके, नुसते चौकोन दिसत. तू म्हटलं तशी फाइल युनिकोडमध्ये जतन केली, फॉन्ट बदलला. आता आईले मारलेली ‘याडी’ ही हाक नीट उमटते. डोकं पिकवलं त्यानं, पण जमलं.

बोलांच्या वरच्या, सूर लिहायच्या पाच रेघा मात्र कोऱ्याच आहेत.

जमनीआजीनं बोल सांगितले, चाल नाही. नवरीनं निघताना रडत म्हणायचं गाणं ते. “घरातून पोरगी निघत नसताना ढावलो म्हणू नये, अभद्र होते. तुह्या लग्नात कुशीत घेऊन शिकवीन,” म्हणे. किती भांडली मी तिच्यासंग. तांड्यात दुसऱ्या कोणाले तो पुरा येत नाही. बसंतीबाईले दोन ओळी येतात, पुढं गाडी अडते.

होळीनंतर आजीले लकवा मारला. वाचा गेली. तुले कळवलं नाही. तू धावत आली असती, अन् करायले काहीच नव्हतं.

बापू म्हणाला, “नवरी पाहून म्हातारीले कंठ फुटेल.” माहं लग्न घाईघाईनं ठरवलं. हसू नको. आर्णीच्या डॉक्टरनं नाही म्हणून मान हलवली, तरी साऱ्या तांड्याले भरवसा होता, मलेही. नवरा, गोविंदा, चांगला माणूस आहे, कोळशाचा ट्रक चालवतो. पण खरं सांगते, हो म्हटलं ते आजीच्या आवाजासाठी.

निघायच्या वेळी मले तिच्या खाटेवर बसवलं. डीजे बंद केला. भावानं, भारतनं, फोन तिच्या तोंडापाशी धरला. तिनं धड हातानं मले कुशीत ओढलं. ओठ हलले. नुसती हवा आली, केतकी. ती पुन्हा पुन्हा करून राह्यली होती, अन् मी तिच्या तोंडाकडं पाहत होती, ओठांवरून तरी चाल कळते का म्हणून. शेवटी बापूच म्हणाला, पुरे, गाडी थांबली आहे.

रडूही आलं नाही. आमच्यात रडायचं ते त्याच चालीत.

बसंतीबाईच्या दोन ओळींवर आपल्या मनानं काही रचू नको, हात जोडते. चालीची वाटही पाहू नको.

काल सासूनं कौतुकानं विचारलं, “तुमच्या तांड्यात ढावलो कसा म्हणतात, म्हणून दाखव.” मी म्हटलं, आमच्याकडं म्हणत नाहीत.

तुझी,
न गाता नांदायले आलेली
अंजू