लूपवाली

उल्हासनगर, कॅम्प नं. ३
९ फेब्रुवारी २०२५

ती. काशीमावशीस,
राजरत्नचा सविनय जयभीम.

आई बरी आहे, गुडघे तेवढे कुरकुरतात. तुझी आठवण निघाली की माझ्याशी दोन दिवस बोलत नाही. फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र यशोधराच्या हाती देतोय. लेकीवर तरी रागावू नकोस.

ती सांगत होती, तू आता आनंदनगरला पॅकिंगला जातेस, दिवसभर उभ्याने.

मावशी, मी सगळ्यांना सांगत फिरलो, 'मी तर नाव बदललं होतं.' बातमीत 'शीला' लिहिलं, वय कमी केलं, हेंद्रेपाडा गाळून नुसतं बदलापूर ठेवलं. अजून काय करायचं? पण त्या जीन्सच्या कारखान्यात तुझं नाव ठाऊक होतं कुणाला? हरेशशेठ एकवीस वर्षं 'ए लूपवाली' म्हणूनच हाक मारायचा. आणि मी छापलं, 'पँटला पट्ट्याचे लूप लावणारी शीला'. तिथे लूप लावणारी बाई एकच. दुपारच्या आत त्याने तुला घरी पाठवलं.

हेही अर्धंच सांगतोय. तू बजावलं होतंस, "राजा, नाव नको नि कामही नको. संडासाला कुलूप लावतात एवढं लिही. मी पाणी पीत नाही, मला लघवीचा त्रास झाला, हे माझं म्हणून कुठे दिसता कामा नये." मी लूपचं वाक्य काढलंही होतं. मग वाचून बघितलं तर बातमी फिकी वाटली. संपादक काही बोलले नव्हते. मीच परत घातलं, लोकांनी वाहवा करावी म्हणून. झक मारली.

कुलूप निघालंय. बाकीच्या बाया आता केव्हाही जाऊन येतात. त्यावर अजून एक बातमी कर, संपादक म्हणाले, मी नाही केली.

काल मी हरेशशेठकडे गेलो. बातमीखाली माझं नाव नव्हतं, 'प्रतिनिधी' एवढंच होतं. म्हटलं, ती मी लिहिली, मावशीला परत घ्या. तो म्हणाला, "तू था? मैंने उसको बोला था, रिपोर्टर का नाम बता दे, तेरी नौकरी पक्की. बोली, नाम नहीं मालूम."

मावशी, माझ्या बारशाला तू होतीस.

माफ कर, असं लिहायला घेतलं होतं. हात धजत नाही.

ज्याचं नाव तू राखलंस तो,
राजरत्न