गॉलवेचा पाऊस

फिंटन,

मी गॉलवेच्या बसने निघालेय. कॉर्कला तू एकटाच जा.

सुट्टीला गॉलवेला जाऊ म्हणून मी महिनाभर तुझ्या मागे लागले होते. तू म्हणालास, "तिथे सारखा पाऊस. कॉर्कला जाऊ, निवांत फिरू." काल शेजारच्या मयताच्या घरी मी लोकांना चहा देत होते, तेव्हा तुझी आई सगळ्यांसमोर म्हणाली, "मिळालं बाई एकदाचं आमच्या फिंटनला कॉर्कच्या हर्लिंग मॅचच्या फायनलचं तिकीट." वर चर्चचे फादर म्हणाले, "मीच मिळवून दिलं." म्हणजे अख्ख्या गावाला माहीत, बायको तेवढी खुळी.

तिकीट एकच आहे ना? मग मी काय, गेल्या वर्षीसारखी गाडीत बसून तुझ्या सँडविचची राखण करायची? या वेळी सँडविच तूच कर. हॅम फ्रिजमध्ये आहे. थर्मास मी धुतलेला नाही. बॅगेत माझ्या नव्या ड्रेसखाली लपवलेली तुझी जर्सी खुर्चीवर ठेवलीय.

लग्नानंतर आपण गॉलवेलाच गेलो होतो. सगळे दिवस धो धो पाऊस होता. तेव्हा तुला तो दिसलासुद्धा नव्हता.

नोरीन