अकरावा गोल

प्रिय ठमे,

तुझे बाबा बोलले! फोनवर सांगितलं असतं, पण तू मध्येच प्रश्न विचारत सुटतेस, म्हणून नीट लिहिते.

झटका आल्यापासून त्यांचा उजवा हात आणि जीभ, दोन्ही रुसलेले. व्यायामाच्या बाई दहा वेळा बोट टेकवायला सांगून जायच्या. मी मोजायला बसले की हे तोंड फिरवायचे. मी मोजलेलं त्यांना कधी आवडलंय? मग वाचनालयातल्या संगणकवर्गाच्या सरांना म्हटलं, मला टॅबलेटवर दहा गोल हवेत, बोट लागलं की हिरवे होणारे. एक गोल जमला, तर मी तोच मजकूर खाली पुन्हा पुन्हा चिकटवत बसले. सर म्हणाले, "काकू, एकदाच लिहा आणि मोजणी जावास्क्रिप्टवर सोपवा. याला फॉर लूप म्हणतात." कुठून सुरू करायचं, कुठवर जायचं आणि दर फेरीला आकडा एकने वाढवायचा, एवढं संगणकाच्या त्या भाषेत सांगितलं की बाकीचं तो करतो. मी नेमका आकडा वाढवायलाच विसरले. फेऱ्या संपेचनात, पडदा गोठला आणि अख्खा वर्ग हसला.

दुरुस्त करून घरी आणलं. यांनी आधी नाक मुरडलं, मग बोट टेकवलं. हिरवा! घाम फुटला तरी थांबले नाहीत. दहावा झाला, तर खाली आणखी एक शिल्लक. शून्यापासून सुरू करून मी 'दहापर्यंत' लिहिलं होतं. हवं होतं 'दहाच्या आत'. यांनी माझ्याकडे डोळे वटारले आणि स्पष्ट म्हणाले, "अकरा!" मला रडू फुटलं, तर आणखी चिडून, "अकरा! अकरा!" शेवटी दोघंही हसत सुटलो. आता 'पाणी' म्हणतात, 'नको' म्हणतात. मी फार बोलले की 'बास'ही म्हणतात.

परवा तू राजीनामा लिहून ठेवलाय म्हणालीस, तेव्हा मी गप्प बसले. तोंड उघडलं असतं तर 'ये' म्हणून गेले असते, इतकी दमले होते गं. आज यांना विचारलं, पोर नोकरी सोडून आपल्यासाठी येतेय, येऊ दे? बराच वेळ ओठ जुळवत राहिले. मग म्हणाले, "सुट्टी." आणि मान ठामपणे हलवली. कळलं ना? राजीनामा फाडून टाक आणि सुट्टी काढून ये. यांना सांभाळायला नको, भेटायला ये.

दमलेली, पण तग धरून असलेली,
तुझीच आई