‘पण’च्या पुढचे वाक्य ऐकण्यासाठी उलट दिशेने पळू देण्याबाबत

प्रति,
मा. अधीक्षक,
टेकडी व किनारा पायवाट विभाग,
जिन्याखालची खोली.

विषय : पायवाटेवर एक दिवसापुरती बाणाच्या उलट दिशेने पळण्याची परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : पायवाटेच्या तोंडाशी ठोकलेला ‘सर्वांनी बाणाच्या दिशेनेच पळावे’ हा आपला फलक.

महोदय,

वरील विषयास अनुसरून अर्जदार सविनय कळवितो की, अर्जदार दातांच्या कवळ्या तयार करण्याचा व्यवसाय करतो आणि रोज सकाळी दुकान उघडण्यापूर्वी आपल्या पायवाटेवर पळतो. ही वाट वाळूवरून निघते, टेकडी चढते, कड्याच्या काठाने दीपगृहापर्यंत जाते आणि उतरून पुन्हा वाळूवर येते, हे आपणांस ठाऊक असेलच. फलक ठोकायला कोणीतरी वर गेले होते, म्हणून म्हणतो.

१. अर्जदाराचे साडू, म्हणजे पत्नीच्या थोरल्या बहिणीचे यजमान, हेही याच वाटेवर पळतात. ते मोटार शिकवतात. उभयतांमध्ये काही वर्षांपासून अबोला आहे. कारण असे की, आपल्याच विभागाच्या शर्यतीत दोघे सर्वांच्या पुढे असताना दीपगृहापाशी वाटेला फाटा आला, कोणीतरी ‘डावीकडे’ असे ओरडले आणि दोघे थेट जाळी वाळत घालण्याच्या अंगणात जाऊन पोहोचले. परत येईपर्यंत शर्यत संपली होती. कुत्र्याला फिरवायला आलेल्या एक आजीसुद्धा त्यांच्या आधी पोहोचल्या, आणि त्या शर्यतीत नव्हत्याच. ‘डावीकडे’ कोण म्हणाले, हा वादाचा मुद्दा आहे. आयुष्यभर लोकांना डावीकडे-उजवीकडे सांगून पोट भरणारा माणूस कोण, हे अर्जदाराने वेगळे सांगायला नको. अर्जदारास शर्यतीचा मार्ग दाखवणारी, सरळ जाणारी चुन्याची रेघ दिसली होती, परंतु तो मुद्दा येथे गैरलागू आहे.

२. अबोला असला तरी भांडण चालू ठेवणे भाग होते. त्याची सोय आपल्या पायवाटेने उत्तम केली होती. अर्जदार एका बाजूने पळे, साडू दुसऱ्या बाजूने. कड्यावर दोन खडकांमध्ये जी चिंचोळी खिंड आहे, तेथे एकाने अंग चोरून दुसऱ्याला वाट द्यावी लागते. तेवढ्या वेळात एक वाक्य बसते. आज साडूंनी बोलावे, उद्या अर्जदाराने. साडू म्हणत, ‘आवाज तुमचा होता.’ दुसऱ्या दिवशी अर्जदार म्हणे, ‘आवाज माझा, तर बोट कोणाचं होतं?’ दुसरी गाठ खाली वाळूवर पडे, पण तेथे जागा ऐसपैस असल्याने दोघेही समुद्राकडे बघत निघून जात. रीत ती रीत.

३. फलक लागण्याच्या आदल्या दिवशी पाळी साडूंची होती. खिंडीत ते म्हणाले, ‘हे बघा, डावीकडे मीच म्हणालो असेन, पण—’ आणि पुढचे वारा घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी आपला बाण लागला. तेव्हापासून दोघे एकाच दिशेने, एकाच वेगाने पळतात. अर्जदार खिंडीत असतो तेव्हा साडू वाळूवर असतात. महोदय, इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो माणूस कबुली द्यायला आला होता, आणि नेमका तेव्हाच आपल्याला बाण सुचला.

४. अर्जदाराने स्वतः प्रयत्न केले नाहीत असे नाही. एकदा वेग वाढवून साडूंना गाठायला गेला, तर शर्यत लागली असे समजून तेही सुसाट सुटले. शेवटी दोघे दीपगृहाच्या पायऱ्यांवर आडवे पडले आणि दोघांच्याही तोंडून शब्द फुटेना. एकदा खिंडीत थांबून पाहिले, तर लांबून अर्जदाराला उभा बघून साडूही जागच्या जागी थांबले, मागे माणसांची रांग लागली आणि आपल्या रखवालदाराने दोघांनाही हाकलले. घरी जाऊन विचारणे शक्य नाही. जो आधी उंबरा ओलांडेल, तो हरला. फोनचेही तेच. अर्जदाराची पत्नी म्हणते, ‘एकाला झाकावं नि दुसऱ्याला काढावं.’ मेहुणीबाईंचे मतही तेच असल्याचे कळते.

५. दरम्यान अर्जदाराची झोप उडाली आहे. कामात लक्ष नाही. परवा एका गृहस्थांना दुसऱ्याच बाईंची कवळी गेली आणि ती त्यांना नीट बसली, हे अधिकच वाईट. ‘पण’ काय? पण चूक तुमचीच? पण आता जाऊ दे? महोदय, आपणांस साडू असतील तर आपण समजू शकाल. खरे सांगायचे तर अर्जदाराला रोजचे ते वाक्य नसल्याने करमत नाही.

तरी अर्जदारास एक दिवसापुरती बाणाच्या उलट दिशेने पळण्याची परवानगी द्यावी, ही विनंती. इतर दिवशी अर्जदार बाण सांगेल तसा पळेल.

खिंडीकडे डोळे लावून बसलेला,
आपला नम्र,
(सही)
कवळीवाले

दिनांक : आजचाच.

सोबत : पायवाटेचा हाताने काढलेला नकाशा. (साडूंचे घर मुद्दाम लहान काढलेले नाही, कागद संपला.)

ताजा कलम : हा अर्ज देण्यास अर्जदार खिडकीपाशी आला, तेव्हा रांगेत पुढे साडूच उभे होते. त्यांच्या हातातही अर्ज होता. रांगेलाही दिशा एकच, त्यामुळे बराच वेळ पाठच दिसत राहिली. मग ते वळले आणि म्हणाले, ‘पण तुम्हाला रेघ दिसली होती ना? मग सरळ जाऊन जिंकायचं सोडून माझ्यामागे कशाला आलात?’

या प्रश्नाचे उत्तर अर्जदारास ठाऊक आहे, शर्यतीच्या दिवसापासून ठाऊक आहे. परंतु ते मागे लोक उभे असताना सांगण्यासारखे नाही. ते खिंडीत अंग चोरून, चटकन सांगून पुढे पळून जाण्यासारखे आहे. सबब मागणीतील ‘एक दिवसापुरती’ हे शब्द खोडून ‘कायमची’ असे वाचावे, कारण त्यावरही ते काहीतरी म्हणतीलच.