सूर्य पांढरा गेला तरी चालेल

पुणे, ४ ऑक्टोबर १९९८

प्रिय सौ. विजयमाला हीस,
स. न. वि. वि.

पूर्णिमेची तब्येत चांगली आहे हे वाचून बरं वाटलं. लेकीचा नववा महिना, तेव्हा तिला सोडून कुठे जाऊ नकोस. अर्थात अमेरिकेत तुला एकटीला जायला जागा तरी कुठे आहे म्हणा.

कारखान्याने गोड बोलून स्वेच्छानिवृत्ती दिली, पण ती बातमी अजून माझ्या झोपेपर्यंत पोहोचलेली नाही. पहिल्या पाळीच्या बसच्या वेळेला डोळे उघडतातच. मग जावईबापूंनी गेल्या खेपेला ठेवून दिलेला कॅमेरा गळ्यात अडकवून पर्वती चढतो. पूर्णिमेला बाळाच्या खोलीत लावायला तिथला सूर्योदय हवा आहे ना! पहिला रोल धुऊन आला. सगळे फोटो म्हणजे कोळसा आणि मधोमध एक पांढरं भोक. तळघरात काढलेत का, असं स्टुडिओवाल्याने अगदी गंभीरपणे विचारलं. काय चुकतंय ते जावईबापूंना विचार. माझ्या जेवणाची काळजी नको, सदाशिव पेठेत खानावळींचा दुष्काळ नाही.

लोभ आहे, अंतराने तो पातळ होऊ नये.

तुझा,
श्रीनिवास


एडिसन, न्यू जर्सी, २५ ऑक्टोबर १९९८

प्रिय अहो,
सा. न. वि. वि.

फोनवर कळवलंच आहे, तरी पुन्हा लिहिते: नात तुमच्यावर गेली आहे. कपाळाला आठ्या घालूनच जन्माला आली. पूर्णिमा अशक्त आहे, पण हसते.

आता तुमचा कोळसा. सुदर्शनराव म्हणतात, कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा काटा सूर्याकडे बघून दिपतो. त्याला वाटतं, सगळीकडे एवढाच लख्ख प्रकाश आहे, म्हणून तो बाकी सगळं काळं करून टाकतो. तर मोजताना सूर्य चौकटीत घ्यायचाच नाही. त्याच्या बाजूच्या आकाशाकडे कॅमेरा धरून मोजायचं, आकडे तसेच ठेवायचे आणि मगच सूर्याकडे वळायचं. एकाच दृश्याचे तीन फोटो काढायचे: एक मोजल्याप्रमाणे, एक जरा उजळ, एक जरा गडद. हात हलतो म्हणून कॅमेरा कठड्यावर ज्वारीच्या पिशवीवर टेकवायचा. ज्वारी फडताळात खालच्या डब्यात आहे. किडली नसेल तर.

इथे दोघं कामात, बाळ झोपेत. खिडकीत उभी राहिले तर रस्त्यावर गाड्या दिसतात, माणूस दिसत नाही. भाजीवाल्याशी भांडल्याला किती दिवस झाले!

पत्र लांबलचक लिहावं, लोभ त्यातच मोजीन.

तुमची,
विजयमाला


पुणे, २२ नोव्हेंबर १९९८

प्रिय सौ. विजयमाला हीस,
स. न. वि. वि.

जावयाने सासऱ्याला शिकवावं असा काळ आला आहे. शिकलो. ज्वारी किडलेली निघाली, पण कॅमेऱ्याची तक्रार नाही.

सोबतचा फोटो बघ. सूर्य उगवायच्या आधीच जाऊन बसलो होतो. बाजूचं आकाश मोजलं, तीन वेळा काढला. त्यातला हा गडद सगळ्यात चांगला. केशरी, त्यावर जांभळट पट्टे, सूर्य चक्क गोल! स्टुडिओवाला काही बोलला नाही, म्हणजे आवडला असणार.

पर्वतीवर अमीनभाई भेटतात. कसबा पेठेत त्यांचं पुस्तकबांधणीचं दुकान आहे. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय म्हणून येतात आणि माझ्याशेजारी बसून राहतात. फार बोलत नाहीत. दिवाळीत मात्र त्यांनी विचारलं, घरी फराळाचं काय केलंत? पाडव्याच्या सकाळी घरात काही केलं नाही, असं कसं सांगणार? चकल्या जरा कडक झाल्या, असं सांगून टाकलं.

जानेवारीचं तिकीट पक्कं आहे ना, तेवढं कळव.

आठवण ठेवावी, इतकीच विनंती.

तुझा,
श्रीनिवास


एडिसन, २० डिसेंबर १९९८

प्रिय अहो,
सा. न. वि. वि.

फोटो बाळाच्या पाळण्यासमोर लावला. येणारा-जाणारा विचारतो. सुदर्शनरावांनी मनापासून कौतुक केलं.

एक सांगायचं आहे, रागावू नका. पूर्णिमेची रजा संपली. एवढ्याशा जिवाला पाळणाघरात ठेवायला तिचं मन होत नाही. माझा मुक्काम वाढवायचा अर्ज केला आहे. जानेवारीत येणं होत नाही.

रात्री बाळाला खांद्यावर घेऊन त्या फोटोसमोर फेऱ्या मारते. आकाश सुंदर आहे हो, पण खाली सगळं काळं. आपली पेठ कुठे, आपली गच्ची कुठे, काही कळत नाही. तुम्ही तर कुठल्याच फोटोत नाही. एक असा काढून पाठवा ज्यात तुम्ही आहात. सूर्य पांढरा गेला तरी चालेल.

राग आला तरी लोभ कमी करू नये.

तुमची,
विजयमाला


पुणे, २४ जानेवारी १९९९

प्रिय सौ. विजयमाला हीस,
स. न. वि. वि.

राग कसला? लेकीची गरज मोठी. राहा.

तू मागितलेला फोटो सोबत आहे. अमीनभाईंनी काढला. चेहरा दिसायला हवा तर उजेड चेहऱ्यावरच मोजावा लागतो. म्हणून कॅमेरा माझ्या नाकाजवळ आणून आकडे लावून दिले, मग त्यांना चार पावलं मागे पाठवलं आणि फक्त बटण दाबायला सांगितलं. तू म्हणालीस तसंच झालं, आकाश धुतल्यासारखं पांढरं आणि सूर्य बेपत्ता. फोटो म्हणून फसलाय. भिंतीवर लावू नका.

बाकी मी मजेत.

तुझा,
श्रीनिवास


एडिसन, १४ फेब्रुवारी १९९९

प्रिय अहो,
सा. न. वि. वि.

फोटो पाहिला. शर्टाच्या कॉलरमध्ये आणखी एक मान मावेल. गालांची हाडं वर आली आहेत. खानावळीत जाता असं मला प्रत्येक फोनवर सांगता, ते कुठल्या खानावळीत?

मी तो पूर्णिमेपुढे ठेवला. बाबा वाळलेत, असं तीही म्हणाली. मी परत जाते म्हटल्यावर मात्र दोन दिवस बोलली नाही. परवा भांडी पुसताना एकदम म्हणाली, बाबांना तू आहेस, मला इथे कोण आहे? तिच्या पाठीवरून हात फिरवत उभी राहिले. अहो, मी कुठेही राहिले तरी कुणीतरी एकटं पडणारच.

आता बाळासाठी पाळणाघर बघितलं आहे. पहिल्या दिवशी मीच तिला सोडायला जाणार. मार्चच्या अखेरीचं तिकीट काढलं आहे. वार-वेळ सुदर्शनराव नक्की करताहेत. मुंबईला उतरून टॅक्सीने येईन. तोवर निदान वरण-भात लावून खा.

लोभ असेल तर ताटात दिसू द्या.

तुमची,
विजयमाला


पुणे, २७ फेब्रुवारी १९९९

प्रिय सौ. विजयमाला हीस,
स. न. वि. वि.

फोटोवरून निदान करायला तू डॉक्टर नाहीस. सुती कापड धुऊन धुऊन सैल पडतं, त्याला मी काय करणार? खानावळीत पहिले दोन महिने जात होतो. तिथे सगळी विद्यार्थी मुलं, ती उठून जागा देतात. मग नको वाटायला लागलं. घरी एकट्यापुरतं शिजवायला बसलं की भूक निघून जाते, एवढंच. त्यात काळजीचं काही नाही.

पूर्णिमा म्हणते ते खरं आहे. तिला परक्या देशात कोण आहे? तू माझ्यासाठी तिला दुखवून येऊ नकोस. तिकीट बदलता येत असेल तर बदल. मला सवय झाली आहे.

नातीला अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा,
श्रीनिवास

ता. क. तिकीट बदलता येत नसेल, तर विमान कुठल्या दिवशी आणि किती वाजता उतरतं ते ताबडतोब फोन करून कळव. टॅक्सीने एकटी येऊ नकोस. मी विमानतळावर येतो.