आक्काच्या लोट्यातली शेपटी

नंदुरबार, २२ ऑगस्ट १९६४

आज वर्गात सांगितलं, बेडूक होताना पिल्लाची शेपटी गळून पडत नाही. पेशींतलीच एन्झाइमं तिला आतून विरघळवतात आणि त्या दिवसांत पिल्लू तिच्यावरच जगतं. बोलताबोलता ते फडकं आठवलं.

लहानपणी सारंगखेड्याला आक्कानं तापीकाठच्या डबक्यातलं पिल्लू लोट्यात पाळलं होतं. शेपटी दिसेना, तेव्हा तिनं लोट्यातलं पाणी पिण्याच्या हंड्यावरच्या फडक्यातून गाळलं. आई केवढी कावली! "पेवाना पानीनं फडकं शे ते!" आक्काचं लक्षच नाही. मलाच विचारत होती, "सुमे, शेपटी कोठे गयी वं?" फडक्यात काहीच नव्हतं.

उद्या ती अक्कलकुव्याहून येतेय. सांगू का तिला? कुठल्या तोंडानं? प्रश्न तिचा होता. तिला सासरी धाडलं, आणि कॉलेजात मला.