हलगीवाचून लेझीम

४ एप्रिल, शनि.
लेझमीच्या सरावाला सोळा गडी. ज्ञानोबा न्हाय. निरोप तेवढा आला : यंदा यात्रेत हलगी वाजवणार नाही. सिद्धेश्वराच्या पालखीपुढं त्याच्या आज्यापासून त्यांचंच घर वाजवतंय. शाळेपासूनचा दोस्त, आणि का वाजवणार नाही ते मला माहीत नाही.

५ एप्रिल
दुपारी दुकान बंद करून त्याच्याकडं गेलो. चहा दिला. मग म्हणाला, "गेल्या साली यात्रेच्या पंचांनी पंगतीतनं आमाला उठवलं. कडब्याच्या गंजीकडं बसा म्हणले. तू वाढत होतास."
होतो. हातात हुग्गीची, गव्हाच्या खिरीची बादली होती. बघितलं, आणि पुढच्या पानाकडं...
हिला आज सांगितलं. म्हणाली, "मला तवाच दिसलं होतं."

७ एप्रिल, मंगळ.
देवळात बैठक. काका यात्रेचे पंच, माझे सख्खे चुलते. म्हणाले, "कळंबहून डीजे आणू. एका माणसावाचून देव अडत न्हाय."
उठलो. "काका, ज्ञानोबाच्या घरच्यांची माफी मागा. आधी एका पंगतीत जेवण, मग पालखी. न्हायतर मी लेझीम धरणार न्हाय."
"तुझ्या बापानं कधी माझ्यापुढं आवाज चढवला न्हवता."


८ एप्रिल
नऊच गडी. बाकीचे डीजेच्या बाजूनं. तोंडानं ठेका धरला, पावलं चुकली.
काकू दुकानात आल्या. साखर घेतली, माझ्याकडं न बघता गेल्या.

१० एप्रिल
काकांचा निरोप : पंगत एकच, माफी न्हाय. ज्ञानोबाला सांगितलं. "बसून बघतो." एवढंच. वाजवशील का, हे विचारायची हिंमत झाली नाही.

१२ एप्रिल, रवि. यात्रा
शेजारचं पान राखून बसलो. ज्ञानोबा घरच्यांना घेऊन आला, इस्त्रीच्या सदऱ्यात. ओळीतले तिघं उठून गेले. काका बादली घेऊन ओळीच्या तोंडाशी थांबले. लई वेळ. मग वाढत आले. ज्ञानोबाच्या पानात हुग्गी घातली, तूप सोडलं. मान वर केली नाही.
त्यानं पान चाटूनपुसून संपवलं. हात धुतले. काकांना ऐकू जाईल असं म्हणाला, "जेवण झालं. माफीचं राहिलं." आणि घराकडं गेला.
आता साडेचार. पाचला पालखी. फेटा बांधून दुकानाच्या ओट्यावर बसलोय. काका आत्ताच समोरनं गेले, ज्ञानोबाच्या गल्लीकडं. एकटेच. हाक मारली, थांबले न्हाईत.